घडीचा चाकू जवळ ठेवायचाय? मग आधी पट्टी घ्या

घडीचा चाकू घ्यायला दुकानात जाताना खिशात एक पट्टी ठेवा. शाळकरी पोरांची सहा इंची चालेल. पात्याची लांबी मोजा, रुंदी मोजा आणि मग चाकू दोन-चारदा उघडून-मिटवून पाहा. नखाने ओढून उघडावा लागतो, की बटण दाबलं की फटकन बाहेर येतो? घेताना या तीन गोष्टी तुम्ही पाहिल्यात, तर नाकाबंदीत पोलीस त्याच पाहायला लागल्यावर घाम फुटणार नाही.

मी पोलीस खात्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. शहरातही नोकरी केली, ग्रामीणमध्येही केली, आणि त्यातला मोठा काळ मुद्देमाल कारकून म्हणून काढला. गुन्ह्यात जप्त झालेली प्रत्येक वस्तू माझ्या रजिस्टरला चढायची. कोयते, सत्तूर, गुप्त्या, जंबिये, फायटर, रामपुरी सगळं आलं. मधूनच एखाद्या भल्या घरच्या पोराचा महागडा परदेशी चाकूही यायचा. हे लिहितोय ते त्या पोरांसाठी. सराईताला कायदा आपल्यापेक्षा जास्त पाठ असतो, त्याला माझ्या सल्ल्याची गरज नाही.

पुतण्या ट्रेकिंगवाला आहे. तो आणि त्याचे मित्र अमेरिकेतले व्हिडिओ बघतात आणि मला विचारतात, "काका, चाकू बाळगणं हा आपला हक्क नाही का?" तिकडे त्यावरून राज्याराज्यांत खटले चालतात, संघटना आहेत, ते तिकडचं तिकडे. आपल्या राज्यघटनेत हत्यार बाळगण्याचा असा सरसकट हक्क कुणाला दिलेला नाही. एकच उल्लेख आहे आणि तो धर्मस्वातंत्र्याच्या कलम २५ मध्ये : शिखांनी कृपाण धारण करणं आणि जवळ बाळगणं हा त्यांच्या धर्माचरणाचा भाग मानला जाईल. नांदेडला रस्त्यावर कृपाणधारी दिसतात आणि कुणी अडवत नाही, ते यामुळे. बाकी आपण सगळे शस्त्र अधिनियमाच्या हिशेबात.

पण याचा अर्थ चाकू दिसला की गुन्हा, असाही नाही. तसं असतं तर मंडईबाहेरचा फणस कापणारा रोज आत गेला असता.

शस्त्र अधिनियम १९५९ चा, अंमल १ ऑक्टोबर १९६२ पासून. त्यात 'शस्त्र' कशाला म्हणायचं ते सुरुवातीलाच सांगितलंय. हल्ला किंवा बचाव करण्यासाठी बनवलेली किंवा तशी करून घेतलेली वस्तू म्हणजे शस्त्र, आणि त्यात धारदार हत्यारंही आली. निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेली वस्तू त्यातून वगळलेली आहे. म्हणजे पहिला प्रश्न वस्तू कशासाठी बनवली हा. स्वयंपाकघरातली सुरी दहा इंची असली तरी सुरीच. उलट मूठीत बसणारा, दोन्ही बाजूंनी धार लावलेला छोटा खंजीर भाजी चिरायला बनवलाय असं कुणी म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट मापाची. जुने नियम १९६२ चे होते, आता २०१६ चे शस्त्र नियम आहेत. त्यांच्या पहिल्या अनुसूचीत पाचव्या वर्गात तलवारी, खंजीर, भाले यांच्या पंगतीत चाकू बसवलेत : पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असलेले. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळलेत. हा ९ इंचांचा आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर भलताच फिरतो. "नऊ इंचांच्या आत सगळं चालतं, पोलीस काही करू शकत नाहीत" असं छातीठोकपणे सांगणारे मला लग्नात, मयतीत, एसटी स्टँडवर सगळीकडे भेटलेत. त्यांच्या नादाला लागू नका. आकडा बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्याची कारणं दोन.

पहिलं कारण शस्त्र अधिनियमाचं कलम ४. एखाद्या भागातली परिस्थिती पाहून केंद्र सरकार अधिसूचना काढू शकतं की या भागात अमुक प्रकारचं धारदार हत्यार घ्यायला, बाळगायला किंवा घेऊन फिरायला परवाना लागेल. मग त्या भागापुरतं अधिसूचनेत लिहिलेलं माप आणि वर्णन महत्त्वाचं. दिल्लीची १९८० ची अधिसूचना याचं चोख उदाहरण आहे, तिच्याकडे पुढे येतो. पेपरात "कलम ४, २५ प्रमाणे गुन्हा दाखल" असं वाचता ना, त्यातला ४ हाच. २५ म्हणजे शिक्षेचं कलम. असा गुन्हा कुणावर दाखल झाला तर वकिलाने कोर्टात सुरुवातीलाच विचारायचं की ही अधिसूचना या भागाला लागू आहे का आणि जप्त केलेलं हत्यार तिच्या वर्णनात बसतं का. अधिसूचनेची प्रत कागदपत्रांत लावली नाही म्हणून डळमळलेली प्रकरणं मी पाहिलीत.

दुसरं कारण आपल्या घरचं, आणि महाराष्ट्रात राहणाऱ्याने तेच आधी समजून घ्यावं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, पूर्वीचा मुंबई पोलीस अधिनियम. त्याच्या कलम ३७(१) खाली शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीणमध्ये जिल्हादंडाधिकारी मनाई आदेश काढतात. सण आले, निवडणूक आली, मोर्चे आले की आदेश निघतो, आणि बऱ्याच शहरांत पहिल्याची मुदत संपेपर्यंत दुसरा तयार असतो. त्या आदेशात शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या "किंवा शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू" बरोबर घेऊन फिरायला मनाई असते. शेवटचं वाक्य नीट वाचा. त्यात इंच नाहीत, सेंटीमीटर नाहीत. तीन इंची पातंही त्यात येतं. आदेश लागू असताना तो मोडला तर कलम १३५ : जास्तीत जास्त एक वर्ष कैद, आणि न्यायालयाने वेगळी कारणं लेखी नोंदवली नाहीत तर चार महिन्यांपेक्षा कमी नाही. वर दंड. नऊ इंचवाल्यांना हे सांगितलं की ते चहा मागवतात.

म्हणून पहिलं काम हे करा. बाहेर पडायच्या आधी तुमच्या आयुक्तालयाच्या किंवा जिल्ह्याच्या संकेतस्थळावर मनाई आदेश बघा. सापडला नाही तर ठाण्यात फोन करून ठाणे अंमलदाराला विचारा, "३७(१) चालू आहे का?" प्रश्न असा विचारला की समोरचाही सरळ उत्तर देतो. आदेश मिळाला की त्याची तारीख, हद्द आणि शेवटचे अपवाद वाचा. सरकारी नोकर, खाजगी सुरक्षा रक्षकांच्या लाठ्या, म्हाताऱ्यांच्या काठ्या असे अपवाद त्यात बहुधा असतात. ट्रेकर्सना अपवाद आहे असं मी तरी कुठल्या आदेशात वाचलेलं नाही. आणखी एक लक्षात घ्या : हा आदेश बरोबर घेऊन फिरण्याबद्दल आहे. घरात ड्रॉवरमध्ये ठेवलेल्या चाकूशी त्याला घेणंदेणं नाही.

आता चाकूच हातात घेऊ.

साधा घडीचा चाकू म्हणजे पात्याच्या पाठीजवळ नखासाठी बारीक खाच असते, ओढला की उघडतो, आतल्या पट्टीच्या ताणावर उभा राहतो आणि मागून दाबला की मिटतो. लाल मुठीचा स्विस चाकू या जातीचा. त्यात कात्री असते, डबा फोडणी असते, दात कोरायची काडी असते. हत्यार म्हणून कोर्टात उभा करायला हा फार गरीब दिसतो, आणि माझ्या मते सामान्य माणसाने घ्यावा तो हाच.

दुसरा लॉकवाला. उघडल्यावर आतली पत्र्याची पट्टी पात्याच्या बुडाशी सरकून अडकते, किंवा मुठीच्या पाठीवर खटका असतो, किंवा मुठीच्या तोंडाशी कडं फिरवून पातं पक्कं करतात. काम करताना तो बोटांवर मिटत नाही, हा त्याचा खरा फायदा. पण पातं पक्कं झालं की तो भोसकायलाही चालतो, आणि तपासणारा अधिकारी नेमकं तेच बघतो. हा घ्यायचाच असेल तर पातं आखूड घ्या. काळं केलेलं पातं, कवटीचं चित्र, मुठीला बोटात अडकवायची कडी असला नाटकीपणा तर नकोच. दुकानदार त्याला 'टॅक्टिकल' म्हणतो. पंचनाम्यात ते सगळं शब्दाशब्दाने उतरतं.

तिसरा बटणाचा. मुठीत स्प्रिंग, बटण दाबलं की पातं बाहेर. हा घेऊ नका. कापायला तो साध्या चाकूपेक्षा तसूभरही सरस नाही, फक्त पटकन उघडतो, आणि पटकन उघडायची गरज कांदा चिरताना कुणाला पडत नाही. फुलपाखरी म्हणतात तो, दोन मुठी गरागरा फिरवून उघडायचा, तोही याच माळेतला. पोरं रील करायला घेतात.

आणि चौथा गरारीचा, म्हणजे खरा रामपुरी. तो एकदा जवळून पाहण्यासारखा असतो. पितळी मूठ, तिच्यावर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी, आणि पात्याच्या बुडाला दाते. उघडताना एकेका दात्यावर खटका चढतो आणि 'कर्र कर्र' असा आवाज येतो. मुद्देमालाच्या खोलीत नवीन शिपाई आला की हटकून तो आवाज करून बघायचा आणि माझ्या शिव्या खायचा. उत्तर प्रदेशातल्या रामपूरला नवाबांच्या काळापासून हे काम चाललं. नव्वदच्या दशकात तिथल्या सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्याच्या चाकूंवर बंदी आणली आणि कारागिरांचा धंदा बसला. आता २०२३ मध्ये त्याच गावात चौकात वीस फुटी रामपुरी उभारलाय, लोक त्यापुढे फोटो काढतात. सरकारी चौकात उभा आहे म्हणून आपल्या कमरेलाही चालेल असं समजू नये.

दिल्लीची अधिसूचना वाचली की या जातींचा फरक का सांगतोय ते कळेल. स्प्रिंगचे, गरारीदार, बटणदार आणि इतर कुठल्याही यांत्रिक युक्तीने उघडणारे किंवा मिटणारे चाकू, ज्यांचं पातं ७.६२ सेंटीमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटीमीटर किंवा जास्त रुंद असेल, त्यांच्यावर तिथे निर्बंध आहेत. ७.६२ म्हणजे बरोबर तीन इंच. हे महाराष्ट्रातल्या पोरांना का सांगायचं? तर हिमालयात ट्रेकला जाणारी आपली निम्मी मंडळी दिल्लीवरून जातात. निजामुद्दीनला उतरायचं, काश्मिरी गेटला बस पकडायची, मधे पाठीवरची सॅक तपासणीच्या यंत्रातून जाते. सह्याद्रीत वर्षभर कुणी न विचारलेला साडेतीन इंची लॉकवाला चाकू तिथे अडतो. "यांत्रिक युक्ती" म्हणजे नेमकं काय, लॉक त्यात धरायचं का, यावर वकील दोन तास बोलतील. तुमची बस तेवढा वेळ थांबणार नाही. दिल्लीमार्गे जाताना साधा, तीन इंचांच्या आतला घडीचा चाकू न्या, नाहीतर बेस कॅम्पच्या गावात भाजीची सुरी विकत घ्या. शंभराच्या आत मिळते.

विमानाचं सोपं आहे. हातातल्या बॅगेत कुठलाच चाकू नाही, चेक-इनच्या बॅगेत म्यानात किंवा पुठ्ठ्यात गुंडाळून. किल्ल्यांच्या जुडग्यातला बोटभर चाकू लोक विसरतात आणि सुरक्षा तपासणीच्या टोपलीत टाकून येतात. देशांतर्गत विमानात शीख प्रवाशाला ६ इंचांपर्यंत पात्याची, एकूण ९ इंचांपर्यंतची कृपाण नेता येते. ती सवलत त्यांनाच.

आता ट्रेकला चाकू न्यायचा कसा. खिशात नाही, कमरेला नाही, सॅकच्या बाहेरच्या जाळीत तर अजिबात नाही. स्टोव्ह, पातेली, मसाल्याचे डबे ज्या पिशवीत, त्याच पिशवीत चाकू, आणि ती पिशवी सॅकच्या तळाशी. यात लपवाछपवी नाही. ती पिशवी उघडली की बघणाऱ्याला चाकू भाजीबरोबर दिसतो, आणि कशासाठी आणलाय हे तुम्ही तोंड उघडायच्या आत कळतं. गटात सहा जण असतील तर चाकू एक पुरे. सहा जणांकडून सहा चाकू निघाले की फौजदाराचा चेहरा बदलतो, मग तुम्ही हरिश्चंद्रगडाला निघालात म्हणा नाहीतर काशीला.

रात्रीचा ट्रेक असेल तर जास्त जपा. पोलीस अधिनियमात कलम १२२ आहे : सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात गुन्ह्याच्या इराद्याने घातक हत्यारासह सापडणं. इरादा सिद्ध करावा लागतो, तो पुढचा भाग. पण रात्री साडेबाराला चार पोरं, तोंडाला रुमाल, दोन मोटरसायकली आणि एकाच्या खिशात चाकू, हे चित्र गस्तीवरच्या माणसाला कसं दिसतं ते तुम्हीच सांगा. रुमाल सोडा, ट्रेकच्या नोंदणीचा मेसेज फोनवर वर काढून ठेवा, कुठल्या गडावर चाललोय ते एका वाक्यात सांगा.

सगळ्यात जास्त भली माणसं अडकलेली मी पाहिली ती डिकीमुळे. ट्रेक झाला, फार्महाउसची पार्टी झाली, चाकू स्कूटरच्या डिकीत तसाच राहिला. मग तीन महिन्यांनी गणपतीच्या बंदोबस्तात डिकी उघडायला सांगतात आणि आत रेनकोटखाली चाकू. तेव्हा "ट्रेकला नेला होता" हे खरं असलं तरी त्या दिवशीच्या प्रवासाशी त्याचा संबंध नसतो. ऑफिसला जाताना चाकू कशाला, या प्रश्नाला उत्तर नसतं. घरी आलात की बूट काढायच्या आधी चाकू धुवून ड्रॉवरमध्ये टाका. मोटारीच्या दारातल्या कप्प्यातलाही काढा. "गाडीत असू दे, रात्री-अपरात्री उपयोगी पडतो" म्हणून ठेवतात तो, सासऱ्यांनी दिलेला असला तरी.

धंद्यासाठी न्यावा लागत असेल तर गोष्ट वेगळी. केटरिंगवाले, मटणाचे दुकानदार, शहाळेवाले, ऊसतोडीला निघालेले मजूर, यांची हत्यारं मापाने कितीतरी मोठी असतात आणि तरी रोज रस्त्यावरून जातात. त्यांनी ती उघडी नेऊ नयेत, गोणपाटात किंवा जाड कापडात गुंडाळून दोरी बांधावी आणि कामाच्या इतर सामानाबरोबर ठेवावी. केटरिंगवाल्याने मंगल कार्यालयाच्या ऑर्डरचा कागद किंवा फोनवरचा मेसेज जवळ ठेवावा. काम संपल्यावर वाटेत मित्राच्या वाढदिवसाला सत्तुराची पिशवी घेऊन थांबू नये. हे मी उगाच लिहीत नाही.

कोयत्याबद्दल दोन शब्द लिहावेच लागतील. कोयता शेतीचं अवजार आहे यात वाद नाही. पण पुण्यात २०२२-२३ च्या सुमाराला पोरांच्या टोळ्या कोयते नाचवायला लागल्या आणि मग कोयता विकताना गिऱ्हाइकाचं आधार कार्ड घ्या, असं पोलिसांनी दुकानदारांना बजावलं. दुकानदाराने ओळखपत्र मागितलं तर चिडू नका, द्या. आणि पावती घ्या. घडीच्या चाकूचीसुद्धा घ्या. ऑनलाइन घेतलात तर ऑर्डरचं पान जपून ठेवा, वर्णनात 'कॅम्पिंग', 'किचन' असं काय लिहिलंय ते दिसतं. एखाद्या संकेतस्थळावर बटणाचा चाकू उघड विकायला ठेवलाय म्हणून तो कायदेशीर आहे असं धरू नका, तिथे काय वाट्टेल ते मिळतं. परदेशातून मागवणं तर टाळाच. शस्त्र देशात आणायला शस्त्र अधिनियमात वेगळं कलम आहे, आणि तुमचा चाकू शस्त्र आहे की अवजार हे तिथे कस्टमवाला ठरवतो.

तलवारीने केक कापणारे हल्ली पोलिसांचं काम सोपं करतात. पूर्वी बातमीदार लागायचा, आता स्टेटस बघायचं. व्हिडिओ, तारीख, चेहरा, साक्षीदार सगळं आरोपीनेच टाकलेलं असतं. घडीचा चाकू फिरवत केलेलं रील त्याच वर्गात मोडतं. चाकू भाजीचा असला तरी तुम्ही तो ज्या आविर्भावात दाखवलात त्यावरून तो कशासाठी आहे ते ठरवलं जाईल. खंडेनवमीला घरात शस्त्रपूजा करता ती करा. घरातल्या जुन्या तलवारींचा विषय मोठा आहे, तो एखाद्या वकिलाकडून समजून घ्या.

आणि स्वसंरक्षण. विशेषतः मुलींचे आईबाप विचारतात. भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू आहे, खाजगी बचावाचा अधिकार कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पूर्वीच्या दंड संहितेत तो ९६ ते १०६ मध्ये होता. कुणी अंगावर आलं तर बचाव करायचा तुमचा अधिकार पक्का आहे. त्यावरून आधीच हत्यार घेऊन फिरायचा अधिकार मात्र मिळत नाही. नाक्यावर "स्वसंरक्षणासाठी ठेवलाय" म्हणालात की चाकू हत्यार म्हणून जवळ ठेवला होता हे तुम्ही आपल्या तोंडाने कबूल केलंत. कायदा बाजूला ठेवला तरी, झटापटीत चाकू हिसकावला जातो आणि ज्याचा त्यालाच लागतो, हे मी जखमांच्या दाखल्यांवरून सांगतो. मुलीला शिट्टी द्या, ११२ नंबर द्या, मिरचीचा फवारा द्या.

इतकं करूनही अडवलंच तर? "झडती घेऊ" म्हणाले की सॅकमध्ये हात घालू नका. हात दिसतील असे ठेवा आणि आधीच सांगा, "तळाच्या पिशवीत भाजीचा चाकू आहे." आपणहून सांगितलेला चाकू आणि सापडलेला चाकू यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हुज्जत घालू नका, कलमं ऐकवू नका, मामा-काकांना फोन लावू नका. बऱ्याचदा गोष्ट तिथेच मिटते.

नाही मिटली आणि जप्ती झाली, तर पंचनाम्याकडे डोळे उघडे ठेवून बघा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण करायचं असतं, फोनवर करतात. दोन पंच हवेत. चाकू पंचांसमोर मोजायचा : एकूण लांबी, पात्याची लांबी, रुंदी, मूठ कशाची, उघडतो कसा. मी कोऱ्या कागदावर चाकू ठेवून पेन्सिलीने त्याचा खाका काढायला लावायचो, कारण कोर्टात दोन वर्षांनी साक्ष देताना पंचाला माप आठवत नाही, खाका बघितला की आठवतं. मग खाकी कागदात गुंडाळून दोरा, लाखेचं सील आणि पंचांच्या सह्यांचं लेबल. तुमच्यासमोर माप साडेसहा सेंटीमीटर भरलं असेल तर कागदावर साडेसहाच लिहिलंय ना ते सही करायच्या आधी वाचा. मुठीसकट मोजून ते 'पात्याची लांबी' म्हणून लिहिलेलं मी पाहिलंय. मुद्दाम नसेलही, थंडीत रात्री दोनला माणूस चुकतो, पण प्रकरण त्या मापावर फिरतं. चाकू कुठून काढला तेही बघा. 'सॅकच्या तळातील भांड्यांच्या पिशवीतून' आणि 'कमरेला खोचलेला' यांत सगळी केस आहे.

अटक करत असतील तर अटकेचं कारण सांगणं त्यांना बंधनकारक आहे, घरच्यांना कळवणं बंधनकारक आहे, वकिलाला भेटायचा तुम्हाला अधिकार आहे, आणि महिलेची अंगझडती महिलेनेच घ्यायची. प्रत्येक वेळी अटकच होते असंही नाही, नोटीस देऊन सोडतात. ती नोटीस जपून ठेवा आणि त्यातल्या तारखेला न चुकता हजर व्हा.

जप्तीत मोबाइल, गाडी, सॅक गेली असेल तर ती सोडवायला कोर्टात अर्ज करता येतो, निकालाची वाट बघावी लागत नाही. त्याच नागरिक सुरक्षा संहितेची कलमं ४९७ आणि ५०३, जुन्या संहितेतली ४५१ आणि ४५७. मालकीचा कागद जोडा : गाडीचं आरसी बुक, मोबाइलचं बिल. चाकूसाठी मात्र अर्ज करत बसू नका. निर्दोष सुटलात तर निकालपत्राच्या शेवटच्या परिच्छेदात मुद्देमालाबद्दल आदेश असतो, तो वाचा. परत द्यायचा आदेश असेल तर अपिलाची मुदत गेल्यावर निकालाची प्रत आणि ओळखपत्र घेऊन मुद्देमाल कारकुनाकडे जा, सकाळी अकरानंतर, बंदोबस्ताचा दिवस सोडून.